सहांतले चार, चारांतले दोन

मुलांच्या हातांतील व्हिडिओ गेम काढून घ्यावा कीं राहूं द्यावा, हा प्रश्न हल्लीं बहुतेक सुशिक्षित घरांत दिवसांतून एकदां तरी निघतोच. एकत्र कुटुंब असलें तर त्यावर सभाच भरते. आजी म्हणते डोळे जातील, आई म्हणते अभ्यास जाईल, काका म्हणतात आमच्या वेळीं हें नव्हतें तर आमचें कोठें अडलें? औंधास ह्या आक्षेपाला आणखी एक धार आहे. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले तें हें गांव. येथील वृद्धांना मुलगा घामानें निथळतांना दिसावा असें वाटतें. तो पलंगावर लोळून गुंड्या दाबीत असलेला पाहून त्यांचा जीव कासावीस झाल्यास नवल नाहीं.

खेळाला वेळ किती द्यावा हा घरच्या शिस्तीचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर प्रत्येक घरानें आपापलें काढावें. परंतु मूल खेळतें आहे तें काय, हें न पाहतांच निकाल देणें म्हणजे उत्तरपत्रिका न उघडतां गुण देणें होय. ज्याचें आयुष्य शाळेंत गेलें त्याच्यानें तें होत नाहीं. म्हणून एका खेळापुरती आम्हीं ती उत्तरपत्रिका उघडून पाहिली. खेळ पोकेमॉनचा, आणि त्यांतही स्पर्धेंत चालणारा, दोघांविरुद्ध दोघे लढविण्याचा. आमचें मत असें झालें कीं, ह्या खेळांत शिकण्याजोगें जें आहे तें लढाईंत थोडें व लढाईपूर्वीच्या तयारींत फार आहे. आणि पालकांनीं विचारपूस करावयाची तर ‘जिंकलास कीं हरलास’ अशी न करितां ‘हे सहाच कां घेतलेस’ अशी करावी.

ज्यांस हें नांव केवळ टीव्हीवरील चित्रमालिकेमुळें ठाऊक असेल त्यांच्यासाठीं थोडी ओळख करून देतों. जपानांत २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं ह्या खेळाच्या पहिल्या दोन आवृत्त्या निघाल्या. कर्ता सातोशी ताजिरी. लहानपणीं त्यास किडे धरून जमविण्याचा नाद होता, आणि तोच नाद त्यानें पुढें पडद्यावर आणला. आपल्याकडे २०१६ च्या डिसेंबरांत ‘पोकेमॉन गो’ आला तेव्हां मोठीं माणसेंही मोबाइल घेऊन रस्त्यांवर हिंडूं लागलीं; त्या प्रकारांत निदान चालावें तरी लागतें, एवढें त्याच्या बाजूनें म्हणतां येईल. मूळ खेळांतले प्राणी सर्व कल्पित असून त्यांची संख्या हजारावर गेली आहे. कोणी अग्नीचा, कोणी जलाचा, कोणी विजेचा, कोणी भूमीचा, असे त्यांचे अठरा प्रकार. अग्नि वनस्पतीस जाळतो, वनस्पति जलास शोषते, जल अग्नीस विझवितें. ह्या धर्तीवर कोण कोणास भारी हें ठरलेलें असतें. एकेका प्राण्यास लढाईंत चारच डाव नेतां येतात, अंगचा एक गुण असतो, आणि जवळ एकच वस्तु बाळगतां येते.

झुंज हा शब्द ऐकून कोणी नाक मुरडील. वात्स्यायनानें सांगितलेल्या चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे व लावे यांच्या झुंजींना स्थान आहे, आणि कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचिलेल्या ‘मानसोल्लासां’त राजाच्या विनोदांमध्यें अशा झुंजींचें वर्णन आहे. खरे प्राणी झुंजविणें आपल्याकडे १९६० च्या कायद्यानें गुन्हा ठरलें, तें योग्यच झालें. पडद्यावरच्या प्राण्याचें रक्त सांडत नाहीं व तो मरतही नाहीं. त्यास मूर्च्छा येते, आणि खेळ संपला कीं तो पुन्हा उभा राहतो.

आरंभीं ही लढत एकास एक अशीच असे. २००२ सालीं जपानांत निघालेल्या ‘रूबी’ व ‘सफायर’ ह्या आवृत्त्यांत दोनास दोन हा प्रकार आला, आणि २००९ पासून भरणारी ह्या खेळाची अधिकृत जागतिक स्पर्धा ह्याच प्रकारानें खेळली जात आली आहे. मध्यें २०२० व २०२१ हीं महामारीचीं दोन वर्षें ती भरली नाहीं. प्रत्येक खेळाडू सहा प्राणी घेऊन येतो. एकाच जातीचे दोन प्राणी चालत नाहींत, एकच वस्तु दोघांस देतां येत नाहीं, आणि सर्वांस पन्नासाव्या पायरीवर आणून उभें करितात. म्हणजे ज्यानें अधिक तास घालविले तो केवळ त्यामुळें बलवान् ठरत नाहीं. एकमेकांचे सहा दोघांसही दिसतात. मग नव्वद सेकंदांत सहांतले चार निवडावयाचे, त्यांतले दोन मैदानांत, दोन पाठीमागें. चारही मूर्च्छित झाले तो हरला.

आतां थोडें गणित. सहांतून चार निवडण्याचे प्रकार पंधरा. त्या चारांतून आरंभीची जोडी निवडण्याचे प्रकार सहा. म्हणजे आरंभ नव्वद तऱ्हांनीं करितां येतो. समोरच्याच्याही तऱ्हा तितक्याच. नव्वद गुणिले नव्वद, आठ हजार एकशें. एवढ्या आरंभांतून आपला आरंभ ठरविण्यास सेकंद मिळतात नव्वद! ज्याचा विचार घरीं झालेला नाहीं त्याचा तो तेथें होणें शक्य नाहीं.

नवशिका काय करितो? हजारांतून सर्वांत दांडगे सहा उचलतो. ह्यांत चूक काय, हें आमच्या मुलुखांतील शेतकरी चटकन् सांगेल. जुन्या औंध संस्थानांतील आटपाडी महालाचा खिल्लार बैल नांवाजलेला. बैल एकटा कितीही देखणा असो, जाणता मनुष्य विचारतो कीं ह्यास जोड कोणता? उंची, चाल व स्वभाव जुळले नाहींत तर दोन उमदे बैल एका जुवाखालीं एकमेकांसच ओढीत बसतात. डिसेंबर २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें परवानगी दिल्यापासून बैलगाड्यांच्या शर्यती आमच्या भागांत पुन्हा भरूं लागल्या. तेथेंही निशाणापाशीं पोंचते ती जोडी.

जुळलेली जोडी कशी असते त्याचें एक उदाहरण देतों. पोलिटोड नांवाचा एक बेडूक आहे. योग्य गुणाचा पोलिटोड मैदानांत आला कीं पाऊस सुरू होतो. (बेडूक आणि पाऊस यांचें नातें ऋग्वेदांतील मण्डूकसूक्तापासून आपल्या परिचयाचें, जपानी मंडळींसही तें सुचावें याचें आम्हांस कौतुक वाटलें.) पावसांत जलाचे डाव दीडपट लागतात. त्याच्या शेजारीं किंगड्रा हा समुद्रघोडा उभा केला, तर पावसांत त्याचा वेग दुप्पट होतो. एकटा बेडूक बेताचा, एकटा किंगड्रा मध्यम. दोघे मिळून पांच फेऱ्यांपर्यंत कोणासही भारी. परंतु समोरच्यानें मागाहून ऊन पाडणारा प्राणी आणला तर पाऊस तत्काळ थांबतो, आणि ज्यानें सहाचे सहा पावसाच्या भरवशावर निवडले असतील त्याचें पीक बुडतें. म्हणून चांगला खेळाडू एक जोडी पावसाची व दुसरी कोरडवाहू ठेवतो.

न जुळलेली जोडीही पाहावी. ‘अर्थक्वेक’ म्हणजे भूकंप हा डाव फार बळकट. पण तो समोरच्या दोघांसह आपल्या शेजाऱ्यासही हादरवितो, आणि एकाच वेळीं अनेकांवर पडणारा असल्यामुळें त्याचा जोर पाऊणपट होतो. शेजारीं उडणारा प्राणी असला तर त्यास धक्का लागत नाहीं. विजेचा किंवा अग्नीचा असला तर शत्रूपूर्वीं तोच आडवा व्हावयाचा. कर्णाच्या रथावर शल्य बसला तेव्हां सारथ्यांत त्याच्या तोडीचा श्रीकृष्णावांचून दुसरा नव्हता, असें सर्व मानीत. परंतु तो कर्णाचा तेजोवध करीत राहिला. दोन पहिल्या प्रतीचे वीर एका रथावर बसूनही रथ कां फसतो, याचें ह्याहून चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं.

ह्या सर्व प्रकारांतील कीर्तिमान जोडी २०१४ सालच्या ऑगस्टांत वॉशिंग्टन येथें जगानें पाहिली. कोरियाचा सेजुन पार्क त्या वर्षीं जगज्जेता झाला. त्याच्या सहांत पचिरिसू नांवाची एक खार होती. प्राण्याच्या सहा अंगभूत गुणांची बेरीज करण्याची पद्धत आहे. पार्कच्याच संघांतील गार्चोम्पची ती बेरीज ६००, पचिरिसूची अवघी ४०५. गुणपत्रिका पाहून प्रवेश द्यावयाचा असता तर ती खार दारांतूनच परत गेली असती.

मग पार्कनें ती कां घेतली? त्याचा मुख्य लढवय्या ग्याराडोस. तो जलाचा व आकाशाचा असल्यामुळें विजेचा वार त्यावर चौपट पडतो. पचिरिसूच्या अंगीं असा गुण कीं विजेच्या वारानें तिला इजा न होतां उलट बळ येतें. शिवाय तिला ‘फॉलो मी’ हा डाव येतो. तो टाकला कीं त्या फेरींत एकावर नेम धरून सोडलेले शत्रूचे वार सर्व तिच्याकडे वळतात. म्हणजे ग्याराडोसवर सोडलेली वीज खार पिऊन टाकी, आणि ग्याराडोस मोकळ्या मनानें आपलें काम करी. बारकावा पुढेंच आहे. खार स्वतः अशक्त, हें ओळखून पार्कनें तिला असे डाव दिले कीं ज्यांत स्वतःच्या बळाची गरज पडत नाहीं. एक डाव समोरच्याची उरलेली शक्ति निम्मी करितो, मग मारणारा कितीही दुबळा असो. दुसरा त्यास लुळा करून त्याचा वेग घटवितो. चौथा डाव स्वतःच्या रक्षणाचा. आपल्या भाषेंत ‘खारीचा वाटा’ म्हणतात तो लहानशा कामाला. येथें खारीनें जें केलें तें दुसऱ्या कोणाकडून त्या संघांत झालेंच नसतें.

कर्णाजवळ इंद्रानें दिलेली वासवी शक्ति होती. ती त्यानें अर्जुनासाठीं राखून ठेवली होती. घटोत्कच पुढें झाला, शक्ति त्याच्यावर खर्ची पडली, आणि अर्जुन वांचला. घटोत्कचास त्याबद्दल प्राण द्यावे लागले. पचिरिसूचें नशीब बरें. एकत्र कुटुंबांतल्या वाचकांस आणखी सांगावयास नको. घरांत कमावून आणणारा एक असतो, आणि त्याच्यावर येणाऱ्या विजा परस्पर झेलणारें दुसरेंच कोणी असतें. निमंत्रणपत्रिकेंत मात्र त्याचें नांव शेवटच्या ओळींत छापतात.

बुद्धिबळांत समोरचा खेळल्यावर आपण विचार करितों. येथें दोघेही खेळाडू एकाच वेळीं, एकमेकांस न कळवितां हुकूम देतात, आणि त्यासही ४५ सेकंदांचीच मुदत. त्यामुळें ‘प्रोटेक्ट’ नांवाचा साधा रक्षणाचा डाव येथें अमूल्य ठरतो. समोरचे दोघे आपल्या एकावर तुटून पडणार असें वाटलें कीं त्यास त्या फेरीपुरतें झांकावयाचें. शत्रूचे दोन्ही वार वायां जातात आणि आपला दुसरा तेवढ्यांत हात मारून घेतो. पण लागोपाठ दुसऱ्यांदा झांकूं गेलें तर साधण्याचा संभव तिसऱ्या हिश्शावर येतो. तेव्हां भित्र्याला हा डाव फार काळ तारीत नाहीं.

वेगाचेंही असेंच. जो चपळ तो आधीं मारतो. ‘टेलविंड’ डावानें आपल्या बाजूचा वेग चार फेऱ्या दुप्पट होतो. ‘ट्रिक रूम’नें पांच फेऱ्या जगच उलटें होऊन मंद तो आधीं जातो. ह्या दुसऱ्या युक्तीमुळें कासवासारखे प्राणीही संघांत मानानें बसतात. मात्र ती युक्ति फेरीच्या अगदीं शेवटीं घडते. तोंवर ती करणाऱ्यास शेजाऱ्यानें सांभाळावें लागतें. इन्सिनरोर नांवाचा वाघ २०१८ पासून बहुतेक हंगामांत सर्वत्र दिसत आला, तो स्वतःच्या बळासाठीं नव्हे. तो मैदानांत येतांच समोरच्या दोघांच्याही अंगबळाच्या वारांची धार कमी होते, आणि आल्याबरोबर एकास दचकवून त्याची एक फेरी फुकट घालविणें त्यास साधतें. कांहीं प्राणी मात्र असे आहेत कीं त्यांस धाक घातला कीं ते दबण्याऐवजीं दुप्पट चवताळतात. अशीं मुलेंही आम्हीं वर्गांत पाहिलीं आहेत.

तयारीचा आणखी एक भाग हिशेबाचा. २०२२ सालीं निघालेल्या ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’ ह्या आवृत्त्यांत प्रत्येक प्राण्याच्या तालमीस ५१० अंक मिळतात, आणि एका गुणांत २५२ हून अधिक घालतां येत नाहींत. मुलें बहुधा दोन गुण पुरे भरतात आणि उरलेले सहा कोठें तरी टाकून मोकळीं होतात. मुरलेला खेळाडू उलट बाजूनें येतो. अमक्या प्राण्याचा अमका वार सोसून आपल्या प्राण्यांत एक कण तरी उरावा, यास किती अंक लागतील? वाराचा परिणाम दर वेळीं ८५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान कोठेंही पडतो; तेव्हां हिशेब शंभराचाच धरावयाचा. तेवढे अंक बचावास देऊन राहिलेले वेगास. घरखर्चाचा अंदाज करणारी गृहिणी महिन्यांतला सर्वांत महाग दिवस धरूनच चालते.

आतां ज्या गोष्टीनें आम्हांस ही लेखणी उचलावयास लाविलें ती सांगतों. सुटींत आमचे दोघे नातू घरीं येतात, एकमेकांचे चुलत भाऊ, थोरला पंधरा वर्षांचा व धाकटा बारा. थोरल्याचें पुढील वर्ष शालान्त परीक्षेचें; म्हणून यंत्र कपाटांत कुलूप लावून ठेवावें, असें त्याच्या वडिलांचें म्हणणें. थोरल्याचा संघ म्हणजे सहा महारथींची यादी. धाकट्याचा संघ त्याहून सरस होता, परंतु तो त्याचा नव्हता. ह्या खेळांत एक सोय आहे: नामांकित खेळाडू आपल्या संघाचा सांकेतिक क्रमांक प्रसिद्ध करितो, आणि तो घातला कीं त्याचा संघ कोणासही जसाच्या तसा उसना मिळतो. धाकटा त्या संघानें चार वेळां जिंकला, आणि पांचव्या वेळीं समोरच्यानें अनपेक्षित जोडी काढतांच त्यास पुढें काय करावें हें सुचेना. उत्तर होतें, पण तें कोणत्या प्रश्नाचें हें त्यास ठाऊक नव्हतें.

उसना संघ घेणें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीं स्वतः रूपें व कोश आधीं पाठ केला, अर्थ पुष्कळ मागाहून लागला. पाठांतर ही पायरी आहे. परंतु गाइड वाचून उत्तीर्ण होणारांची जी गत पुढील इयत्तेंत होते ती येथें पुढील हंगामांत होते, कारण कोणते प्राणी चालतील ती यादी वेळोवेळीं बदलते. पार्कची खारही त्या वर्षाच्या मर्यादित यादींत सांपडलेलें उत्तर होती. पुढील वर्षीं यादी वाढली व प्रश्नच निराळा झाला.

आम्हीं दोघांस एक एक वही दिली. सहांच्या जोड्या पंधरा होतात. सहांतून चार घेणें म्हणजे दोन सोडणेंच असल्यामुळें हाही आंकडा पंधराच येतो, हें धाकट्याच्या लक्षांत प्रथम आलें आणि त्यास फार आनंद झाला. प्रत्येक जोडीस एक पान. पानावर चार प्रश्न. ही जोडी कोणास भिते? दोघेही एकाच गोष्टीस भितात काय? एक मूर्च्छित झाला तर दुसरा एकटा किती फेऱ्या टिकेल? आणि हिच्या जागीं मागून कोण येणार? थोरल्याच्या पंधरा पानांपैकीं सहा पानांवर दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें आलें. सहा महारथींपैकीं चौघे बर्फास भीत होते! तें कोष्टक त्यानें स्वतः मांडलेलें असल्यामुळें त्यास कोणी कांहीं सांगावें लागलें नाहीं. दोन महारथी त्यानें त्याच संध्याकाळीं काढून टाकिले.

कुलपाचा प्रश्नही असाच कांहींसा सुटला. यंत्र आठवड्यांतून रविवारीं दोन तास बाहेर निघावें, इतर दिवशीं कपाटांत. वही मात्र कोणीं कपाटांत ठेवावयाची नाहीं, असें ठरलें. थोरल्याच्या वडिलांनीं हें मान्य केलें तें थोडें नाखुषीनें. पहिल्या रविवारीं तेच मुलाशेजारीं बसून, ‘हा हिरवा कशासाठीं घेतलास?’ म्हणून विचारीत होते. सकाळचे बारा नमस्कार झाल्यावांचून कुलूप निघत नाहीं, ही अट मुलांच्या आजीची.

दोघेही आतां आपापल्या गांवीं परतले असून वाद टपालानें नव्हे तर फोनवरून चालतो. धाकट्यानें उसना संघ सोडून स्वतःचा बांधावयास घेतला आहे आणि त्याच्या पांच जागा पक्क्या झाल्या आहेत. सहाव्या जागेसाठीं त्यास पाऊस पाडणारा बेडूक हवा आहे. थोरला म्हणतो, पांचांतल्या दोघांस पावसाचा कांहींच उपयोग नाहीं, तेथें दचकविणारा वाघच पाहिजे. काल रात्रीं दोघांनींही आमचें मत विचारलें. आम्हीं धाकट्यास चौदावें पान पुन्हा वाचावयास सांगितलें आहे.